नवजात बाळाचं बिलिरुबिन दोन लॅबमध्ये वेगळं आलं, तर फॅक्टर बदलायचा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तालुक्याच्या ठिकाणी छोटी लॅब, सेमी-ऑटो ॲनालायझर, ५४६ नॅनोमीटरचा फिल्टर. चार दिवसांच्या बाळाचं टोटल बिलिरुबिन (रक्तातला काविळीचा पिवळा घटक) तुमच्याकडे १८.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आलं, त्याच दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये १४.९. बालरोगतज्ज्ञांनी फोन करून विचारलं, कुणाचा आकडा धरू? तुमचा नॉर्मल कंट्रोल, म्हणजे किंमत आधीच माहीत असलेलं तपासणीचं सीरम, रोज रेंजमध्ये बसतो. मशीनमध्ये फॅक्टर (मोजलेल्या रंगाला ज्याने गुणून आकडा निघतो तो) २४ आहे, तो २० केला की दोन्ही लॅबचे आकडे जवळपास जुळतात. तर तो बदलू का, आणि कॅलिब्रेशन किती दिवसांनी करायचं?

आधी त्या बाळाचं बघा. डॉक्टरांना सरळ सांगा की आमच्या आकड्याबद्दल शंका आहे, पडताळणी चालू आहे, ताजं सँपल पाठवा. दोन्हींची सरासरी काढून कुणालाही देऊ नका. उपचार कधी सुरू करायचे हे बाळाचं वय किती तास आणि ते किती आठवड्यांचं जन्मलं यावर ठरतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सच्या २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर रक्तबदलाच्या पातळीच्या २ मिलिग्रॅम अलीकडेच बाळाला अतिदक्षतेच्या मार्गावर न्यायला सांगितलंय. तुमच्या दोन आकड्यांतला फरक ३.३ आहे. उपचाराचा निर्णय पूर्ण पालटावा इतका तो मोठा आहे.

आता फॅक्टरचं. नुसतं दुसऱ्या लॅबशी जुळावं म्हणून तो बदलू नका. कदाचित शेवटी तुमचा फॅक्टर २० च्या आसपासच येईल, पण तो तुमच्या कॅलिब्रेटरमधून (ज्या माहीत किमतीच्या द्रावणावर मशीन लावतात त्यातून), तुमच्या हाताने, तुमच्या फिल्टरवर यायला हवा. त्या लॅबचा १४.९ बरोबर आहे हे तरी कुणी सिद्ध केलंय? सँपल एकच होतं की वेगवेगळं? मधल्या वेळात बाळ निळ्या लाइटखाली होतं का? ट्यूब उघड्या रॅकमध्ये, खिडकीपाशी, तासभर पडून होती का? बिलिरुबिन उजेडात तुटतं. थेट उन्हात तासाभरात तीस ते पन्नास टक्के जाऊ शकतं, ट्यूबलाइटखाली त्याहून सावकाश. टाच पिळून काढलेलं सँपल हिमोलाइज झालं असेल (तांबड्या पेशी फुटल्या असतील) तर डायझो पद्धतीच्या, म्हणजे बिलिरुबिनचा रंग तयार करून तो मोजणाऱ्या, बऱ्याच किट्समध्ये आकडा खाली येतो, कारण हिमोग्लोबिन तयार झालेला रंगच खातं. म्हणजे तुमचं जास्त आलंय असं म्हणण्याइतकीच त्यांचं कमी आलंय असं म्हणायलाही जागा आहे.

तरीही तुमच्या दोन आकड्यांचं गुणोत्तर मला खटकतं. १८.२ भागिले १४.९ म्हणजे १.२२. आता तुमच्या मशीनमध्ये खरंच वीस-बावीस टक्क्यांची चूक आहे असं क्षणभर धरा. मग १.० च्या नॉर्मल कंट्रोलला आकडा येईल १.२. इन्सर्टवर (सोबतच्या माहितीपत्रकावर) छापलेली रेंज बहुधा ०.७ ते १.३ अशी काहीतरी असते. १.२ त्यात आरामात बसतो. टेक्निशियन टिक करतो आणि पुढच्या कामाला लागतो. तीच चूक १५ वर ३ मिलिग्रॅमची होते. त्यामुळे ‘कंट्रोल रेंजमध्ये आहे’ या वाक्यावर नवजात बाळांच्या बाबतीत मी फारसा विश्वास ठेवत नाही, जोपर्यंत तो कंट्रोल १५ च्या आसपासचा नसतो.

शिवाय छापील रेंज ही कंपनीने अनेक मशीन्ससाठी मिळून दिलेली असते. तुमची स्वतःची रेंज वीस वेळा चालवून, त्याचा मीन (सरासरी) आणि एसडी (आकडे किती पसरतात ते) काढून बनवायची. लेव्ही-जेनिंग्ज चार्टवर ते बिंदू टाकायचे. लॉट बदलल्यापासून सलग दहा बिंदू मीनच्या वरच पडत असतील, तर प्रत्येक बिंदू रेंजमध्ये असूनही मशीन सरकलंय हे दिसतं. तुमचा कंट्रोल गेल्या महिन्यात रेंजच्या मधोमध होता की वरच्या कडेला चिकटून? रजिस्टर काढा आणि बघा. माझा अंदाज आहे की अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

चूक दोन प्रकारची असते आणि दोन्हींची मुळं वेगळी. एक प्रमाणात वाढणारी: १ वर ०.२, १५ वर ३. ती फॅक्टरमधून, कॅलिब्रेटरमधून किंवा सँपलच्या व्हॉल्यूममधून येते. दुसरी सगळीकडे साधारण सारखी: १ वरही ०.३ आणि १५ वरही ०.३. ती बहुतेक वेळा ब्लँकमधून येते. फॅक्टर फिरवून दुसऱ्या प्रकारची चूक कधीच जात नाही. ती वर झाकली जाते आणि खाली उघडी पडते.

ब्लँकचं आधी संपवते. बिलिरुबिनला प्रत्येक सँपलचा स्वतःचा ब्लँक लागतो, म्हणजे सीरम आणि रिएजंट, पण रंग आणणारं नायट्राइट नाही. ५४६ वर हिमोग्लोबिन उजेड चांगलाच शोषून घेतं, आणि नवजात बाळाचं हिमोलाइज न झालेलं सँपल मिळणं हीच मोठी गोष्ट. सँपल थोडं आहे म्हणून ब्लँक वाचवला जातो आणि हिमोग्लोबिनचा ओडी (द्रावणाने किती उजेड शोषला त्याचा आकडा) सरळ बिलिरुबिनच्या खात्यात जमा होतो. कॅलिब्रेटरलाही त्याचा ब्लँक लावा. सँपलला लावायचा आणि कॅलिब्रेटरला नाही, किंवा उलट, असं केलं तर फॅक्टरला काही अर्थच उरत नाही.

आता कॅलिब्रेटर. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमच्या आकड्यांकडे बघून माझा पहिला संशय इथेच जातो.

फॅक्टर म्हणजे कॅलिब्रेटरची किंमत भागिले त्याचा निव्वळ ओडी. समजा कॅलिब्रेटरची किंमत ५.० आहे आणि ओडी यायला हवा ०.२५०. फॅक्टर २०. पण कॅलिब्रेटर विरघळवल्यानंतर दिवसभर टेबलावर उजेडात राहिला, त्यातलं बिलिरुबिन थोडं तुटलं, आणि ओडी आला ०.२०८. मशीनला आपण सांगतोय की हे ५.० च आहे. ते बिचारं ५.० भागिले ०.२०८ करतं आणि फॅक्टर काढतं २४. आता ताजं, फॉइलमध्ये गुंडाळून आलेलं बाळाचं सीरम, खरं १५ असलेलं, ओडी ०.७५० देतं. वीसने गुणलं असतं तर १५ आलं असतं. चोवीसने गुणून १८ येतं. कॅलिब्रेटर खराब झाला की पेशंटचा आकडा वाढतो, कमी होत नाही. ही दिशा पक्की लक्षात ठेवा, कारण बहुतेकांच्या मनात ती उलटी बसलेली असते.

आणि याहून त्रासदायक गोष्ट अशी की, कंट्रोलची बाटलीही त्याच टेबलावर, त्याच उजेडात, तितकाच वेळ राहिली असेल तर तिच्यातलं बिलिरुबिनही तितकंच उतरलेलं असतं. उतरलेला कंट्रोल गुणिले चढलेला फॅक्टर, उत्तर अगदी बरोबर. रजिस्टर स्वच्छ. चुकीचा आकडा फक्त बाळाला मिळतो. म्हणून कंट्रोल दुसऱ्या कंपनीचा ठेवा आणि विरघळवल्याबरोबर छोट्या छोट्या वायलमध्ये वाटून, फॉइल लावून, उणे २० वर ठेवा. लागेल तेवढीच वायल बाहेर काढा. उरलेली परत गोठवू नका.

कॅलिब्रेटरची बाटली उघडण्यापासून नीट करा. पावडर अनेकदा रबरी बुचाला आतून चिकटलेली असते. बूच उघडण्याआधी बाटली टेबलावर हलकेच टकटक करून ती खाली पाडा, मग बूच सावकाश थोडं वर करा, हवा आत जाऊ द्या. झटक्यात उघडलं तर पावडरचा बारीक धूर उडतो, आणि उडाला तो कॅलिब्रेटरच असतो. ५ मिलिलिटर पाणी सिरिंजने घालू नका. ‘क्लास ए’ची काचेची व्हॉल्यूमेट्रिक पिपेट घ्या. ५ च्या जागी ५.२ पडलं तर कॅलिब्रेटर चार टक्के पातळ होतो आणि सगळ्या पेशंटचे आकडे चार टक्क्यांनी चढतात. पाणी ताजं डिस्टिल्ड हवं, महिनाभर उघडलेल्या कॅनमधलं नको. मग बूच लावून अंधारात अर्धा तास ठेवा, अधूनमधून हलकेच गोल फिरवा. हलवून फेस काढू नका. शेवटी बाटली आडवी करून बुचाच्या आतल्या बाजूला चिकटलेला भागही विरघळून घ्या. तळाशी एकही कण दिसत नाही याची खात्री झाल्यावरच वापरा.

इन्सर्टमध्ये ‘विरघळवल्यानंतर इतके दिवस टिकतो’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ते बाकीच्या टेस्टसाठी. बिलिरुबिनसाठी खाली वेगळी ओळ असते, आणि तिथली मुदत बरीच कमी असते. डायरेक्टची त्याहूनही कमी. ती ओळ शोधून, अधोरेखित करून, फ्रिजवर चिकटवा. त्याच कागदावर किमतींचा तक्ता असतो. त्यात पद्धतीनुसार किंमत बदलते, त्यामुळे तुमच्या किटच्या पद्धतीची ओळ घ्या. लॉट नंबर बाटलीशी ताडून बघा. नवीन लॉट सुरू झाला आणि मशीनमध्ये जुन्याच लॉटची किंमत राहिली, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा फार जास्त वेळा घडतो.

किटच्या इन्सर्टवर जो तयार फॅक्टर छापलेला असतो त्यावर बिलिरुबिन चालवू नका असं मी सांगेन. तो फॅक्टर धरून चालतो की तुमचा फिल्टर अगदी ५४६ चा आहे, फ्लो सेल (मशीनमध्ये द्रावण ज्यात वाचलं जातं ती छोटी नळी) स्वच्छ आहे आणि तुमची ५० मायक्रोलिटरची पिपेट ५० च देते. कॅलिब्रेटर वापरला तर पिपेटची चूक कॅलिब्रेटर आणि पेशंट दोघांनाही सारखीच लागते आणि भागाकारात निघून जाते. छापील फॅक्टरमध्ये ती निघत नाही. दुसऱ्या लॅबचा फॅक्टर मागून आणणं तर त्याहून निरर्थक. तुमचं किट लाल-जांभळा रंग ५४६ वर वाचतं. मूळ जेंद्रासिक-ग्रॉफ पद्धतीत (१९३८) शेवटी अल्कलाइन टार्ट्रेट घालून निळा झालेला रंग ६०० च्या आसपास वाचतात. अशा दोन पद्धतींचे फॅक्टर एकमेकांना लावताच येत नाहीत.

कॅलिब्रेटरच्या कागदावर किमतीचा मूळ आधार कोणता आहे तेही वाचा. चांगल्या कॅलिब्रेटरची साखळी डूमास आणि सहकाऱ्यांच्या १९८५च्या संदर्भ पद्धतीपर्यंत किंवा अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या एसआरएम ९१६ या शुद्ध बिलिरुबिनपर्यंत पोचते. असा उल्लेखच नसेल तर पुढची ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला विचारा. विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

पिपेट तपासायची असेल तर कॅलिब्रेशन एजन्सीचं सर्टिफिकेट हवंच, पण मधल्या काळात एक सोपी तपासणी होते. एक मिलिग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या काट्यावर छोटी झाकणाची वायल ठेवा आणि ५० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा टाका. एकूण वजन ४९८ मिलिग्रॅमच्या आसपास यायला हवं. टीप आधी एकदा त्याच द्रवाने ओली करून घ्या. सीरम पाण्यापेक्षा चिकट असतं, कोरड्या टीपमधून पहिल्यांदा सोडताना ते कमी पडतं.

मशीनची स्वतःची तपासणी फार अवघड नाही. खाण्याचा लाल रंग पाण्यात कालवून, ५४६ वर साधारण १.२ ओडी येईल असं द्रावण करा, मग ते निम्मं, पाव, एक अष्टमांश असं पातळ करत जा. ओडीही त्याच हिशेबाने उतरायला हवेत. वरच्या टोकाला ते दबत असतील तर दिवा, फिल्टर किंवा फ्लो सेल बघावी लागेल. काही जण यासाठी हिमोग्लोबिनचं सायनमेथ स्टँडर्ड वापरतात. ते चालतं, पण त्यासाठीच्या ड्रॅबकिन द्रावणात सायनाइड असतं आणि बिलिरुबिनच्या रिएजंटमध्ये आम्ल. दोन्ही एकाच वेस्ट बाटलीत जाऊ देऊ नका. तुमच्या लॅबमध्ये एकच वेस्ट बाटली असणार हे धरून मी खाण्याचा रंग सुचवते आहे.

एवढं झालं की ताजा कॅलिब्रेटर विरघळवा आणि तीनदा चालवा. ओडी एकमेकांच्या जवळ आले तर सरासरीवरून फॅक्टर घ्या. पण लगेच पेशंट चालवू नका. कॅलिब्रेटर बहुधा ५ च्या आसपासचा असतो आणि तुमचा प्रश्न १५ ते २० वरचा आहे. मधल्या अंतरात रेष सरळ जाते का, हे स्वतः बघावं लागतं.

त्यासाठी मी उरलेल्या सीरमची मिश्रणं करते. कावीळ असलेल्या, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी-सी निगेटिव्ह आलेल्या मोठ्या माणसांचं जास्त बिलिरुबिनचं सीरम एकत्र करायचं, आणि नॉर्मल सीरम वेगळं एकत्र करायचं. समजा वरचं १९.६ आलं आणि खालचं ०.६. तीन भाग वरचं, एक भाग खालचं असं मिसळलं तर १४.८५ यायला हवं. निम्मं-निम्मं १०.१. एकास तीन ५.३५. तिन्ही मिश्रणं पाच टक्क्यांच्या आत आली तर रेष सरळ आहे असं मी धरते. वरची बाजू दबत असेल तर आधी नायट्राइटकडे बघा. जुनं नायट्राइट कमी बिलिरुबिनचं काम करून टाकतं, पण जास्तीच्या सँपलला पुरत नाही. हे सगळं मंद उजेडात आणि पटापट. अर्थात यातून रेष सरळ आहे एवढंच कळतं. आकडा खरा आहे का ते कळत नाही, कारण फॅक्टर चुकला असेल तरी रेष सरळच राहते.

खरेपणासाठी दोन गोष्टी. एक, १५ ते २० च्या पातळीचा नवजात बिलिरुबिन कंट्रोल मागवा. महाग पडतो, पण त्याचे छोटे भाग करून गोठवता येतात. दोन, ज्या लॅबशी तुमची तुलना होते त्यांच्याशीच बोला. एकाच ट्यूबमधलं सीरम दोन भागांत, फॉइल लावून, बर्फाच्या डब्यातून, दोन्हीकडे तासाभराच्या आत चालवायचं. एका सँपलवर काही ठरवू नका. २ पासून २० पर्यंत पसरलेली आठ-दहा सँपल्स घ्या. सगळीकडे तुमचं वीस टक्के जास्त आलं तर फॅक्टरचा संशय. सगळीकडे ०.३ जास्त आलं तर ब्लँकचा. कुठे जास्त, कुठे कमी, असं आलं तर पिपेटिंगचा, सँपल हाताळण्याचा. आणि तरीही दोघांतलं कोण बरोबर हे यातून ठरत नाही. त्यासाठी तिसरा लागतो: सीएमसी वेल्लोरच्या बाह्य गुणवत्ता योजनेसारख्या कार्यक्रमात नाव नोंदवा. तिथे तुमच्या पद्धतीच्या बाकी लॅब कुठे आहेत ते दर महिन्याला दिसतं.

बाह्य योजनेत ‘पास’ झालात म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका. अमेरिकेच्या सीएलआयए या लॅबसाठीच्या नियमांत टोटल बिलिरुबिनला २० टक्के किंवा ०.४ मिलिग्रॅम, यातलं जे जास्त तेवढी सूट आहे. २० च्या सँपलला १६ आणि २४ दोन्ही पास. परीक्षेला हे चालत असेल, बाळाला चालत नाही. १५ च्या पुढे दहा टक्क्यांच्या आत राहायचं असं ध्येय मी माझ्या लॅबसाठी ठेवलंय.

कॅलिब्रेशन किती दिवसांनी, याचं उत्तर दिवसांत देता येत नाही. नवीन रिएजंट लॉट, दिवा किंवा फिल्टर बदलला, मशीनची सर्व्हिस झाली, कंट्रोल एका बाजूला सरकत गेला, किंवा इन्सर्टमधली मुदत संपली, की करायचं. वरच्या-मधल्या-खालच्या पातळीची पडताळणी सहा महिन्यांतून एकदा तरी. रोज सकाळी कॅलिब्रेशन करणाऱ्या लॅबही मी पाहिल्यात. त्यात काळजी दिसते, पण प्रत्येक कॅलिब्रेशनसोबत त्या दिवशीच्या पिपेटिंगची चूक दिवसभराच्या सगळ्या रिपोर्टमध्ये शिरते. कंट्रोल स्थिर असेल तर कॅलिब्रेशनला हात लावू नये.

डायरेक्ट बिलिरुबिन (टोटलमधला, यकृताने प्रक्रिया केलेला भाग; उरलेलं ते इनडायरेक्ट) तुम्ही विचारलं नाही, पण टोटलचा फॅक्टर त्याला लावत असाल तर थांबा. त्याचं कॅलिब्रेशन वेगळं करायचं. कॅलिब्रेटरमध्ये त्यासाठी बहुधा डायटॉरोबिलिरुबिन नावाचं कृत्रिम संयुग असतं. वेळ इन्सर्टप्रमाणे सेकंदावर पाळायची, कारण जास्त वेळ ठेवलं की इनडायरेक्टही हळूहळू रंग देऊ लागतं. दोन-तीन आठवड्यांनंतरही पिवळ्या राहिलेल्या बाळात डायरेक्ट १ च्या वर गेलं तर पित्तमार्गाच्या आजाराचा शोध सुरू होतो, आणि त्यातल्या बिलिअरी अट्रेशियात (पित्तनलिका बंद असण्याच्या आजारात) शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झालेली बरी. इथे अर्ध्या मिलिग्रॅमलाही किंमत आहे.

शेवटी, हे सगळं करून तुमचा फॅक्टर खरोखर २४ वरून २० वर आला, तर रजिस्टरमध्ये तारीख, लॉट, जुने-नवे ओडी आणि दोन्ही फॅक्टर लिहा. मग तुमच्याकडे सँपल पाठवणाऱ्या प्रत्येक बालरोगतज्ज्ञाला त्याच दिवशी फोन करा. ज्या बाळाचं काल तुमच्याकडे १८ होतं त्याचं आज काहीच न बदलता १५ येणार आहे. डॉक्टरांना वाटेल फोटोथेरपी (निळ्या लाइटचा उपचार) लागू पडली, आणि ते लाइट बंद करतील. अशा प्रत्येक बाळाचं कालचं सँपल अंधारात, फ्रिजमध्ये ठेवलेलं असेल तर ते नव्या कॅलिब्रेशनवर पुन्हा चालवा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून सुधारित रिपोर्ट द्या.